पलाडच्या भावाची मूठ

आमचं आडनाव मी इथे लिहिणार नाही. ज्यांचा त्याच्यावर आमच्याआधी हक्क होता त्यांनी ते टाकून दिलं, आणि ते माझ्यामुळे. एवढंच सांगतो की ते फार थोड्या घरांचं आहे. पाटील, महाजन, चौधरी खानदेशात गावोगाव सापडतात. आमचं सापडत नाही. शाळेत हजेरी घेताना मास्तर माझ्यापाशी थांबत, चष्म्यावरून बघत आणि विचारत, "हे कुठून पैदा केलं रे?" वर्ग हसायचा. मीही हसायचो, कारण मला उत्तर माहीत नव्हतं.

सरकारने खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले त्या वर्षीचा माझा जन्म. आमचं गाव धुळ्याजवळ पांझरेकाठी, म्हणून पश्चिमेत गेलं. वडील मी लहान असतानाच प्लेगात गेले. मला वाढवलं, शिकवलं ते थोरल्या काकांनी. त्यांना अख्खं गाव आबा म्हणे. घर त्यांच्या शब्दावर चाले. त्यांनी मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं, याची आठवण त्यांना कधी करून द्यावी लागली नाही. ती माझी मलाच होत असे.

आता कानबाईबद्दल सांगायला हवं, कारण सगळं त्यातून निघालं. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे घरोघर कानबाई बसते. चौरंगावर नारळाची देवी, तिला नथ, मुखवटा, फुलं. दुसऱ्या दिवशी बायका तिला डोक्यावर घेऊन नदीवर पोचवतात. या सणाचा जीव रोटात असतो. रोटासाठी गहू मोजायचा तो मापाने नाही, मुठीने. भाऊबंदांमधल्या प्रत्येक पुरुषाच्या, पाळण्यातल्या पोराच्यासुद्धा, नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतो. तो घरच्या जात्यावर दळायचा, त्याचे रोट करायचे आणि ते फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याच्या तोंडात त्याचा तुकडा जाऊ द्यायचा नाही. म्हणून आमच्याकडे सोयरीक जमवताना कूळ विचारत नाहीत, विचारतात, "तुमचा रोट कोणाबरोबर?" ज्याची मूठ कुणाच्याच सुपात पडत नाही त्याला कूळ नाही, असं समजतात. अशा घरात कोणी मुलगी देत नाही आणि अशा घरातली घेत नाही.

आमच्या घरी सूप आईच्या हातात असायचं. ती एकेकाचं नाव घेई आणि मूठ टाकी. आबांची, त्यांच्या मुलांची, धुळ्याच्या चुलत्यांची, माझी. सगळी नावं संपली की ती आणखी एक मूठ टाकी आणि नाव घेत नसे. मी अगदी लहानपणी विचारलं होतं.

"हाई कोणनी वं माय?"

"पलाडना भाऊनी."

"कोण पलाडना भाऊ?"

"माले काय ठाऊक? मन्ही सासू टाके, म्हणीसन मी टाकस. मुक्काट्या बस, मोजणं चुकी जाई."

पलाड म्हणजे पलीकडे. कशाच्या पलीकडे हे तिला माहीत नव्हतं, आणि आबांना विचारायची कोणाची छाती नव्हती.

मॅट्रिकनंतर मला जळगावला कचेरीत कारकुनी मिळाली. तिथे रोज शेकडो आडनावं हाताखालून जात, आमचं एकदाही येत नसे. त्या वयात माणसाला आपण कुणीतरी आहोत असं वाटायला काहीतरी लागतं. मी आडनावाच्या मागे लागलो. आबा सांगत की आपण राजपुतान्यातून घोड्यावर बसून आलेले. खानदेशातलं प्रत्येक घर हेच सांगतं. एवढे सगळे घोड्यावरून आले असतील तर पायी कोण आलं, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आला नाही. मी बाजाराच्या दिवशी जिनांच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यांच्या, फाटकाशी उभा राही आणि कापसाच्या गाड्या घेऊन आलेल्या गाडीवानांना विचारी, तुमच्याकडे या नावाचं कोणी आहे का. बहुतेक जण मला वसुलीवाला समजून "नाही, नाही" म्हणत बैल हाकत.

एकाने जामनेरचं नाव सांगितलं. मी एका रविवारी तिथे गेलो. एक घर खरोखरच निघालं. म्हाताऱ्याने मला गूळपाणी दिलं आणि म्हणाला, "नाव तेच, पण आमचा रोटच नाही. आमच्याकडे कानबाई बसतच नाही. आमच्या आज्याने हे नाव कुठून घेतलं तोच जाणे. त्याला जुन्या नावाने सावकार शोधत होता म्हणतात." आणि तो आपल्याच आज्यावर खदाखदा हसला. मी त्या घरावर फुली मारली. नाव सारखं असलं म्हणून माणसं एक नसतात, हे मी जामनेरला शिकलो. पुढे हाच धडा मी फार वाईट कामासाठी वापरला.

मग यावलकडचा एक गाडीवान भेटला. तो म्हणाला, सातपुड्याच्या पायथ्याला, केळीच्या बागा संपतात तिथून वर, एक घर आहे. एकच. त्यांची बोलीसुद्धा आमच्यासारखी नाही, तुमच्यासारखी आहे.

ती गोष्ट नागपंचमीच्या आधल्या आठवड्यातली. मी रजा काढली. तापीला पाणी चढलेलं होतं, नावाड्याने बराच वेळ थांबवून मग पलीकडे नेलं. यावलपर्यंत बैलगाडी मिळाली, पुढे पायी गेलो. बागा मागे पडल्या, माळ लागला, मग दगड आणि साग. तिथे आठ-दहा झोपड्यांच्या बाजूला एक कुडाचं घर होतं. शेजारी सगळे डोंगरातले लोक, मोहफुलं आणि डिंक गोळा करणारे. घराचा मालक पन्नाशीचा, उंच, कमरेत थोडा वाकलेला. त्याला तिथले लोक नाना म्हणत. मी आडनाव सांगितलं तसा तो उठून उभाच राहिला.

"आलाडथून वना का तू?"

अलीकडून आलास का, एवढंच त्याने विचारलं. गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. मग बायकोला हाक मारली, "अवं, आलाडना भाऊ वना!" आणि माझे पाय धुवायला स्वतः पाणी आणलं. त्याच्याहून मी वीस-पंचवीस वर्षांनी लहान, तरी तो मला भाऊच म्हणत राहिला.

संध्याकाळी त्याची बायको रोटाचा गहू मोजायला बसली. सूप मुलीने धरलं होतं. बारा-तेरा वर्षांची, आईच्या प्रत्येक मुठीबरोबर ओठ हलवून नाव म्हणणारी. नानाची मूठ पडली, पाळण्यातल्या भावाची पडली. घरात दुसरा पुरुष नव्हता. आणि मग तिसरी मूठ पडली.

मला माझा आवाज ऐकू आला. "ही कोणाची?"

मुलगी हसली. एवढंही ठाऊक नाही का, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं. "आलाडना भाऊनी. म्हणजे तुमनीच ना."

मी दारातच बसून राहिलो. पांझरेकाठी माझी आई नाव न घेता पलीकडच्या भावाची मूठ टाकत होती आणि इथे ही माणसं अलीकडच्या भावाची टाकत होती. किती पिढ्या, कोण जाणे. दोन्हीकडे कोणी कोणाला पाहिलं नव्हतं. दोन्हीकडे रोटात एक मूठ जास्त पडत होती.

नाना रात्री जेवताना गोष्ट सांगत गेला. दोन भाऊ होते. मोठा दुष्काळ पडला. गुरांना चारा उरला नाही. थोरला एकुलता बैल घेऊन तापी ओलांडून डोंगराकडे गेला, धाकट्याने शेत आणि कानबाई सांभाळली. जाताना थोरला म्हणाला, मी येईपर्यंत माझी मूठ टाकत जा, मी तुझी टाकीन. तो आला नाही, बैल डोंगरात मेला आणि तो तिथेच राहिला. आम्ही त्या थोरल्याचे, तुम्ही धाकट्याचे.

"मग आपण घोड्यावरून आलो ते?" मी विचारलं.

नानाला ठसका लागला. "घोडावर? घोडावर नही रे भाऊ, घोडामांगे! पागाम्हा गवत टाकेत आपला वाडवडील. गवत टाके, लीद उचले. त्यानावरथून तर हाई नाव पडनं." आणि मग हळूच, "पण कोणले सांगू नको. घोडावर बरं दिखस."

मी इतका हसलो की पाळण्यातलं पोर जागं झालं. आयुष्यात आपल्या माणसांत बसून मी असा हसल्याचं मला दुसरं आठवत नाही.

सकाळी निघताना नानाने मनातलं सांगितलं. मुलीची सोयरीक रावेरकडच्या एका चांगल्या घरी ठरत आली होती. पण ते विचारत होते, तुमचा रोट कोणाबरोबर? तुम्ही डोंगरात एकटे, तुमच्या नावाचं आसपास कोणी नाही, तुमचं कूळ खरं कशावरून? "यंदा आमनी मूठ तुमना सूपम्हा पडू दे," नाना म्हणाला. "मी गहू लई येस. सोयराना एक म्हातारा संगे येई, देखी लेई. बस. पोरगीनं काम व्हई जाई." मी म्हणालो, या. आबांना मी सांगतो. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. तिला समजेल असं मी मोठ्याने म्हणालो, "नक्की या."

आबांना सांगितलं तेव्हा ते ओट्यावर दाढी करून घेत होते. त्यांनी आधी न्हाव्याला वाटेला लावलं.

"नाव एक व्हयनं म्हणीसन काय भाऊ व्हतस?" मग ते म्हणाले. "डोंगरमा ऱ्हातस त्या. कोणसंगे उठतस, कोणसंगे बसतस, कोणी देखं?"

मी मुठीचं सांगितलं. आबांनी वस्तरा लागलेल्या हनुवटीवर तुरटी फिरवली. मग आवाज खाली आणून, शुद्ध भाषेत, म्हणजे मला कचेरीतला माणूस समजून म्हणाले, "तुझे होणारे सासरे यंदा कानबाईला येणार आहेत. जळगावचे आडते आहेत ते. त्यांना घर पाहायचंय, भाऊबंद पाहायचेत. त्यांच्यासमोर डोंगरातून कोणी आलं आणि म्हणालं की मी थोरला, तर? उद्या कानबाईचा चौरंगसुद्धा त्याच्या दारी नेऊ? विचार कर. तू शिकलेला आहेस."

माझं लग्न ठरत होतं. मुलगी मी पाहिली होती आणि ती मला आवडली होती. घर चांगलं, शहरातलं. आबांनी धमकी दिली नाही. ते एवढंच म्हणाले, "विचारतील तर तूच सांगशील. तूच गेला होतास बघायला."

मी नानाला निरोप पाठवू शकलो असतो, की येऊ नका. तेही केलं नाही. मला वाटत राहिलं, येणार नाहीत, नदीला पाणी आहे, इतक्या लांबून कोण येतं.

रविवारी दुपारी नाना आला. धोतर स्वच्छ धुतलेलं, खांद्यावर उपरणं, त्याच्या टोकाला गव्हाची गाठ. बरोबर सोयऱ्यांचा म्हातारा. ओसरीवर आबा, माझे होणारे सासरे, धुळ्याचे चुलते बसले होते. आत बायका कानबाईची गाणी म्हणत होत्या. नानाने वाकून सगळ्यांना रामराम केला आणि गाठ सोडायला बसला.

आबा म्हणाले, "कोण पाव्हना?"

"पाव्हना नही, आबा. पलाडना."

सासऱ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी माझ्याकडे हात केला. "आमचा पुतण्या गेलता चौकशीला. शिकेल शे. त्याले इचारा."

सोयऱ्यांच्या म्हाताऱ्याने सरळ मला विचारलं, "बोला भाऊ. तुमचे आहेत का हे?"

मी उभा होतो. उंबऱ्याशी आई सूप घेऊन आली होती, तिने मला पाहिलं. नाना माझ्याकडे बघत नव्हता; तो गाठ सोडण्यात गुंतला होता, कारण उत्तर काय येणार याची त्याला शंकाच नव्हती.

मी म्हणालो, "नाव सारखं आहे. पण कूळ निराळं. असं होतं. जामनेरलाही एक घर तसंच निघालं."

नानाची बोटं थांबली. तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो फक्त गोंधळला, माणूस ओळखीच्या गावात वाट चुकला की गोंधळतो तसा. मग त्याने आईकडे पाहिलं.

"वहिनी, तुम्हीन बठ्ठास्नी मूठ टाकी व्हयनी, त्यानानंतर आखो एक टाकतस ना? ती कोणनी शे?"

आईने सूप उंबऱ्यावर टेकवलं आणि आबांकडे पाहिलं.

"ती देवनी," आबा म्हणाले.

नानाने गाठ पुन्हा बांधली. सोयऱ्यांचा म्हातारा आधीच उठून चपला शोधत होता. रोटासाठी मोजलेला गहू घरी परत नेत नाहीत, त्याची भाकरीही करत नाहीत. नाना पांझरेवर गेला आणि त्याने तो पाण्यात सोडला. हे मला गावातल्या एका धोबिणीने सांगितलं, कारण मी पाहायला गेलो नाही. त्या संध्याकाळी मी रोट खाल्ला. सासऱ्यांना घर आवडलं.

माझं लग्न मार्गशीर्षात झालं. नानाच्या मुलीचं मोडलं, हे मला त्याच गाडीवानाकडून कळलं. रावेरच्या लोकांनी सगळीकडे सांगितलं की ते घर बिनरोटाचं आहे, त्यांच्याच नावाच्या लोकांनी त्यांना दारातून परतवलं. त्यानंतर तिच्यासाठी कोणी आलं नाही. सात-आठ वर्षांनी नाना गेला. भाऊबंद म्हणून आमच्या घराने दहा दिवस सुतक पाळायला हवं होतं. आम्हाला निरोप आला नाही. कोणी कशाला धाडेल? मला कळलं तेव्हा त्यांचं तेरावंही होऊन गेलं होतं. मी विहिरीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. बायकोने विचारलं, भरदुपारी अंघोळ कसली? मी म्हणालो, उकडतंय.

आई दर श्रावणात ती मूठ टाकत राहिली. टाकताना ती माझ्याकडे बघायची. बाकी ती कधी काही बोलली नाही, आणि बोलली असती तर बरं झालं असतं.

देश स्वतंत्र झाला त्याच्या आधल्या वर्षी आई गेली. त्या श्रावणात सुतक होतं, कानबाई बसली नाही. पुढच्या वर्षी श्रावण अधिक आला. झेंडे लागले ते अधिकात, आणि कानबाई आली निजात. सूप पहिल्यांदाच माझ्या बायकोच्या हातात आलं. तिने सगळी नावं घेतली, आईने शिकवल्याप्रमाणे शेवटची मूठ उचलली आणि हात हवेत धरून मला विचारलं, "अहो, ही कोणाची म्हणायची? सासूबाईंनी कधी सांगितलं नाही."

"देवाची," मी म्हणालो.

आबांचा शब्द माझ्या तोंडून तसाच्या तसा बाहेर पडला. माझी मुलं ऐकत होती. आता हेच ती पुढे सांगतील, त्यांची मुलंही सांगतील, आणि खोटं आहे हे जाणणारा कोणी उरणार नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघालो. बायको म्हणाली, घरात कानबाई बसायची आणि तुम्ही कुठे? मी पिशवी उचलली. चाळीसगाववरून भुसावळ गाठलं, रविवारी तापी ओलांडली. यावलला शाळेवरचा तिरंगा पावसाने भिजून काठीला चिकटला होता.

कुडाच्या घराच्या जागी मातीच्या भिंतींचं घर होतं. दारात तिशीची एक बाई चुलीसाठी काटक्या मोडत होती. ओठ हलवून मोजायची तिची सवय तशीच होती, त्यावरून मी ओळखलं. तिला आता सगळी वस्ती अक्का म्हणे. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं. तिने मला लगेच ओळखलं असावं, कारण तिने नाव विचारलं नाही.

"बसा पाव्हना," ती म्हणाली.

तिचा भाऊ, तो पाळण्यातला, आता मिशा फुटलेला गडी झाला होता, नुकतंच त्याचं लग्नही झालं होतं. मी त्या दोघांसमोर सगळं सांगितलं. की मला तेव्हाही माहीत होतं. की नाना खरं बोलले होते, मी खोटं. की थोरलं घर तुमचं. मी चारचौघांत सांगायला तयार आहे, आबांसमोर, सोयऱ्यांसमोर, म्हणाल तिथे. पुढच्या श्रावणात तुमची मूठ आमच्या सुपात पडेल.

भाऊ म्हणाला, "आते? आते कोणना लगीनसाठे?"

अक्काने त्याला हाताने गप्प केलं. मग मला म्हणाली की ते नाव आता त्यांचं नाही. भावाचं नाव शाळेत घालताना नानानेच मास्तरांना सांगितलं होतं, गावाचंच नाव आडनाव म्हणून घाला. त्याच नावाने भावाचं लग्न झालं. वस्तीवरच्या एका घराने त्यांना आपल्या रोटात घेतलं, काही न विचारता. "जे नाव आमनं नही आसं तुम्हीन सांगं, ते आम्ही तुमनं तुमले दिधं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही.

मी विचारलं, "आणि अलीकडच्या भावाची मूठ?"

"नाना पांझरावरथून उना, त्या रोजथून बंद. म्हणे, आलाड कोणीच नही." काटकी मोडत ती थांबली. "तुमनाकडे टाकतस का आजून?"

"टाकतो."

"कोणनी म्हणीसन?"

मला खोटं बोलता आलं असतं. "देवाची."

ती हसली. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी सूप धरून हसली होती तशी नाही. "मंग खाऊ दे देवले."

जेवायची वेळ झाली. आत चौरंगावर कानबाई होती, घरातले लोक रोटाला बसले. मला ओसरीवर पान वाढलं. अक्काने माझ्यासाठी वेगळी भाकरी थापली होती, भोपळ्याची भाजी होती, खीर होती, तिने दोनदा आग्रह केला. पाहुण्याला काही कमी पडू दिलं नाही. रोट दिला नाही. रीतच तशी आहे, आणि तिने ती मोडावी असं म्हणण्याचं तोंड मला नव्हतं. आतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं, कसल्यातरी गोष्टीवर ते सगळे हसत होते. मी भाकरी संपवली आणि उन्हं उतरायच्या आत निघालो.

घरी आल्यावर मी आबांना सांगितलं. ते तेव्हा खाटेवरच असत, डोळे गेले होते.

"माले ठाऊक व्हतं," मग ते म्हणाले. "मन्ही मायनी सांगेल व्हतं. थोरला त्या शेतस."

"मग त्या दिवशी?"

"तू नाही म्हणशील आसं माले कथं वाटनं व्हतं? मी म्हणू, शिकेल पोऱ्या शे, खरं सांगी दी, मंग माले काही करता येवाव नही." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हे त्यांनी स्वतःला सोडवण्यासाठी म्हटलं की खरंच तसं होतं, मला अजून ठरवता आलेलं नाही. चुलत भावांना सांगितलं तर ते म्हणाले, जाऊ दे आता, ज्यांनी आपल्याला मुली दिल्या त्यांना काय तोंड दाखवायचं. मी पुन्हा गप्प बसलो, आणि यावेळी दोष आबांनाही देता येत नव्हता.

म्हणून हे लिहितो. आमच्या आडनावाची घरं कुठे कुठे आहेत असं आता कोणी विचारतं, लग्नाच्या निमित्ताने, नाहीतर नुसत्या कुतूहलाने. धुळ्याजवळ आम्ही आहोत, थोडे. जामनेरचं घर आमचं नाही. सातपुड्याच्या पायथ्याला एक घर होतं, थोरलं. त्यांची नातवंडं आज यावलला आहेत, एक दीपनगरच्या वीजकेंद्रात कामाला आहे, आणि ती दुसऱ्या नावाने ओळखली जातात. आम्ही घोड्यावरून आलेलो नाही. आम्ही घोड्यांना गवत टाकणारे.

बायको गेल्यापासून सूप थोरल्या सुनेकडे आहे. यंदा गहू मोजताना तिने शेवटची मूठ टाकली आणि सवयीने म्हणाली, "आणि ही देवाची."

"देवाची नाही," मी म्हणालो. "पलाडच्या भावाची आहे." आणि मग सगळं सांगितलं, मुलं बसली होती तरी.

ऐकून झाल्यावर तिने विचारलं, "त्यांचं आडनाव काय, दादा?"

"लग्नानंतर तू जे लावायला लागलीस ते."

"म्हणजे आपलंच?"

"त्यांचं होतं," मी म्हणालो.

तिने सुपातल्या गव्हातून हात फिरवला. त्यातली ती मूठ कोणती हे आता कोणालाच सांगता आलं नसतं. मग तिने सूप उचललं आणि दळायला नेलं.